अंगातली वीण

मावशीच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला होता. तिने चाळीसेक वर्षं मशेरी लावलेली, त्यामुळे डॉक्टरांनी वेळ न दवडता सांगितलं, "मावशी, तुकडा काढून तपासायला पाठवू." आजाराचं नाव अजून कुणी उच्चारलंही नव्हतं. मावशी घाबरली ती 'तुकडा' या शब्दालाच. इचलकरंजीला परतताना एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत ती एवढंच म्हणाली, "नुसतं बघून नाही का रे कळत त्यांना?"

तुकडा काढला, आठवड्याने अहवाल आला, धोका नव्हता. मशेरीचा डबा त्या दिवशी घरातून गेला. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला, आणि शब्दांची ओढ असल्यामुळे मी तो शब्दांकडेच घेऊन गेलो.

अहवालाच्या माथ्यावर 'बायोप्सी' असं लिहिलेलं होतं. हा शब्द वाटतो तितका जुना नाही. एर्नेस्ट बेनिए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने तो १८७९ मध्ये घडवला. ग्रीक 'बायोस' म्हणजे जीवन आणि 'ऑप्सिस' म्हणजे पाहणं. जिवंतपणी पाहणं, एवढाच त्याचा अर्थ. शवविच्छेदनाला म्हणतात ती 'ऑटोप्सी' म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहणं. दोन्ही शब्द उलटेपालटे करून बघितले, तरी त्यांत कापणं, तोडणं, तुकडा असं काही सापडत नाही. 'ऑप्सिस' ज्या प्राचीन मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृत 'अक्षि' आला आहे, म्हणजे आपल्या 'प्रत्यक्ष' या शब्दातला डोळा आणि 'बायोप्सी'तला डोळा हे एकाच कुळातले. मावशीने एसटीत जे मागितलं होतं, तेच त्या शब्दात लिहिलेलं होतं.

मग कापावं का लागतं? कारण अंगाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर प्रकाश त्याच्या आरपार जायला हवा. त्यासाठी त्याचे चार-पाच मायक्रोमीटर जाडीचे काप घ्यावे लागतात. आपला केस याच्या दहापटींहून जाड असतो. काप इतका पातळ झाला की तो जवळजवळ बिनरंगाचा दिसतो. मग तो रंगवायचा आणि मगच पाहायचा. पाहणं हे शेवटचं काम, त्याआधी कापणं आणि रंगवणं. बोली भाषेने या सगळ्या खटाटोपातलं नेमकं पहिलं काम उचललं आणि त्यालाच नाव दिलं, तुकडा. लोकांचा अनुभव जिथे दुखतो तिथे शब्द धरतो, त्यामुळे या नावाला मी चूक म्हणणार नाही.

तो तुकडा कशाचा असतो? पाठ्यपुस्तक सांगतं, ऊतीचा. नववीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी ऊती पाठ केल्या: अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. परीक्षा झाली की हा शब्द आयुष्यातून निघून जातो. दवाखान्यात तो कुणी बोलत नाही, घरात तर नाहीच. मला याचं वाईट वाटतं, कारण मराठी विज्ञानाच्या परिभाषेत इतका देखणा शब्द क्वचित असेल.

संस्कृतात 'ऊति' असे दोन वेगळे शब्द आहेत. एक 'अव्' धातूपासून आलेला, अर्थ रक्षण किंवा मदत. ऋग्वेदात देवांना हाक मारताना हाच वारंवार येतो. दुसरा 'वे' धातूपासूनचा, 'वयति' म्हणजे विणतो. या ऊतीचा अर्थ विणणं, शिवणं. परिभाषा करणाऱ्यांनी ही दुसरी ऊती उचलली. हिंदीने त्याच धातूवरून 'ऊतक' केलं, मराठीने ऊती तशीच ठेवली. तिचं आणखी एक भावंड आपण रोज बोलतो, 'ओतप्रोत'. 'ओत' म्हणजे एका दिशेने विणलेलं आणि 'प्रोत' म्हणजे दुसऱ्या दिशेने ओवलेलं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक विचारत जाते, हे सगळं कशावर ओत आणि प्रोत आहे? विश्वाबद्दलचा तो प्रश्न विणकराच्या घरातल्या शब्दांत विचारलेला आहे. आज आपण माणूस उत्साहाने ओतप्रोत आहे असं म्हणतो, तेव्हा त्यात ओतणं ऐकतो, पाणी ऐकतो. धागे ऐकू येत नाहीत.

परिभाषाकारांनी विणकराचा धातू निवडला, त्याला कारण होतं. फ्रेंचमध्ये 'तिस्यू' म्हणजे विणलेलं कापड, मूळ लॅटिन 'टेक्सेरे', विणणं. इंग्रजीत हा शब्द गेला तेव्हा टिश्यू म्हणजे सोन्याचांदीच्या तारा घालून विणलेलं उंची वस्त्र. कागदी रुमाल फार नंतर आले. दादरच्या एखाद्या दुकानात "टिश्यू सिल्क दाखवा" म्हणून साडी मागणारी बाई तो शब्द त्याच्या सगळ्यात जुन्या अर्थाने वापरत असते. जरीची तार, चकाकणारा पोत, हाच तो टिश्यू.

कापडाचं हे नाव शरीराला मुख्यतः झाव्हिए बिशा या फ्रेंच डॉक्टरामुळे चिकटलं. पॅरिसच्या इस्पितळात त्याने एका हिवाळ्यात ६०० हून अधिक शवं तपासल्याचं सांगतात. १८०१ मध्ये त्याने मांडलं की यकृत, हृदय, जठर अशी इंद्रियं वेगवेगळी दिसली, तरी ती मोजक्याच प्रकारच्या 'कापडां'तून शिवलेली आहेत. त्याने असे २१ प्रकार मोजले. त्याची पद्धत विलक्षण होती. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. त्या काळच्या भिंगांतून रंगांच्या झालरी दिसत आणि जो तो आपल्याला हवं ते पाही. म्हणून त्याने शरीराचे भाग उकळले, वाळवले, कुजू दिले, आम्लात बुडवले आणि कोणता कसा टिकतो यावरून ओळखले. आग, पाणी, हवा, आम्ल, सगळं वापरलं, एक प्रकाश सोडून. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला.

१८१९ मध्ये कार्ल मायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने या विद्येला 'हिस्टॉलॉजी' हे नाव दिलं. ग्रीक 'हिस्टोस' म्हणजे उभं केलेलं काहीतरी: जहाजाची डोलकाठी, आणि उभा माग. ग्रीकांचे माग भिंतीला टेकून उभे असत, धाग्यांच्या खाली वजनं लोंबत. हिस्टॉलॉजी म्हणजे अक्षरशः मागाचं शास्त्र. यावरून मला आपला एक शब्द आठवला आणि मी क्षणभर थांबलो. संस्कृत 'तंत्र' या शब्दाचा जुना अर्थ माग, मागावर ताणलेले उभे धागे. 'तन्' म्हणजे ताणणं, त्यातूनच तंतू. 'तंत्रज्ञान' म्हणजेही मग मागाचंच ज्ञान. ग्रीसमधल्या आणि इथल्या विणकरांची कधी गाठ पडली नसेल, तरी गुंतागुंतीची पण नीट लावलेली गोष्ट दाखवायची म्हटल्यावर दोघांच्याही डोळ्यांपुढे मागच आला.

मावशीच्या सासरी चार यंत्रमाग होते आणि ती वर्षानुवर्षं कांड्या भरत आली. कापड हातात घेतलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यात ते घासून ती सूत सांगायची. "पोत बरा नाही" एवढंच म्हणायची आणि ते ठाण परत जायचं. व्यापारी तेच ठाण बोटभर भिंगाखाली धरून एका इंचात उभे किती, आडवे किती धागे मोजायचा. असंच भिंग हातात धरलेला एक कापडव्यापारी सतराव्या शतकात नेदरलंड्समधल्या डेल्फ्ट गावात होता, आंतोनी वान लेव्हनहुक. कापडावरचं भिंग त्याने स्वतः घासून घासून इतकं तेज केलं की पुढे त्यातून त्याला तळ्याच्या पाण्यातले जीव दिसले, रक्तातल्या तांबड्या पेशी दिसल्या, मांसाच्या तंतूंवरच्या आडव्या रेषा दिसल्या. त्या तंतूंचे काप नीट दिसावेत म्हणून त्याने ते केशरात रंगवले होते.

रंगांची गोष्ट तर थेट रंगाऱ्याच्या हौदातून आली आहे. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आजही रोज वापरतात ती जोडी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांची. पहिला रंग मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या लाकडाचा. स्पॅनिश जहाजांनी तो युरोपात नेला तो कापड रंगवायला. नावाचा अर्थ रक्तकाष्ठ. तो रंग नुसता धरत नाही. १८६५ मध्ये बोमर या जर्मन वैद्याने त्यात तुरटी मिसळली तेव्हा तो पेशींच्या केंद्रकांवर पक्का बसला. कापडाला रंग धरावा म्हणून तुरटी लावणं रंगाऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक होतं. दुसरा रंग इओसिन, पहाटेसारखा गुलाबी, आणि नाव ग्रीक पहाटदेवी इओसचं. भाषाशास्त्रात इओस आणि आपली उषा या सख्ख्या बहिणी मानल्या जातात. मावशीच्या गालाच्या तुकड्यावर निळं-जांभळं रक्तकाष्ठ आणि गुलाबी उषा चढली, तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्टला त्याची वीण वाचता आली.

इथवर सगळं सुरेख जुळत आलं. पण कोणती ऊती कोणती हे ओळखण्यात भाषांनी, आणि भाषांमागच्या डोळ्यांनी, मोठ्या चुकाही केल्या आहेत.

'स्नायू' हाच शब्द घ्या. सुश्रुताच्या शारीरस्थानात स्नायू ९०० आणि पेशी ५०० सांगितल्या आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गठ्ठे, आजच्या भाषेत दंडाची बेटकुळी. आणि स्नायू म्हणजे सांधे बांधणारे चिवट पांढरे दोर. मराठीने काय केलं? मांसाच्या गठ्ठ्याला स्नायू म्हटलं, मोकळी पडलेली 'पेशी' उचलून शरीराच्या सर्वांत छोट्या घटकाला दिली. हिंदीत पेशी मांसाचीच राहिली आणि छोट्या घटकाला 'कोशिका' मिळाली. तिथे स्नायू शब्द वेगळ्याच वाटेने गेला. अनेक हिंदी लेखक 'स्नायु' म्हणतात ते आपल्या चेतातंतूला, मेंदूकडून निघालेल्या दोरीला. सीमेवरच्या गावातला मुलगा सकाळी मराठी पुस्तक आणि संध्याकाळी हिंदी पुस्तक वाचत असेल, तर त्याला एकच शब्द सकाळी मांस आणि संध्याकाळी नस दाखवेल.

ग्रीकांचंही हेच झालं. 'न्यूरॉन' म्हणजे मूळचा स्नायूबंधाचा दोर, धनुष्याची प्रत्यंचा. नंतर तोच शब्द संदेश वाहणाऱ्या तंतूला लागला आणि आज न्यूरॉलॉजिस्टच्या पाटीवर तो दिसतो. त्याहून आश्चर्य म्हणजे 'न्यूरॉन' आणि 'स्नायू' हे एकाच प्राचीन मुळातून आलेले चुलतभाऊ आहेत. घर सोडताना दोघांचाही अर्थ चिवट दोर असाच होता. ग्रीस आणि भारत इथे वेगवेगळ्या शतकांत ते वेगवेगळ्या ऊतींच्या दारात जाऊन उभे राहिले.

'मज्जा' पण तशीच. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. मराठीत मात्र मज्जातंतू, मज्जासंस्था, मज्जारज्जू हे सगळे संदेशवहनाचे शब्द झाले, आणि खऱ्या मज्जेला 'अस्थिमज्जा' असं नाव पुढे जोडून स्वतःची ओळख सांगावी लागली. ही गफलत आपली एकट्याची नाही. लॅटिन 'मेडुला' म्हणजे हाडातला गर, तरी मेंदूच्या देठाला तेच नाव. ग्रीक 'मायेलोस'ही हाडातला गरच, तरी पोलिओच्या पूर्ण नावात तो पाठीच्या कण्यातल्या रज्जूसाठी आला आहे. कण्याच्या हाडांच्या नळीत पांढरट, मऊ काही दिसलं. पायाच्या हाडाच्या नळीतही तसंच काही दिसलं. सगळ्यांनी दोन्हीला एकच नाव दिलं. पांढरी दोरी दिसली, मग ती सांधा बांधणारी असो की निरोप नेणारी, सगळ्यांनी तिला दोरीच म्हटलं. इतक्या संस्कृती एकाच ठिकाणी चुकतात, तेव्हा मी दोष त्यांच्या बुद्धीला देत नाही. उघड्या डोळ्याला त्या गोष्टी खरोखरच सारख्या दिसतात. आजही शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्त आणि चरबी यांच्या पसाऱ्यात बारीक नस कोणती आणि बंध कोणता, हे ओळखायला अनुभवी सर्जनलाही थांबावं लागतं.

त्या दोन दोऱ्या वेगळ्या करू शकतो तो प्रकाशच, पण नेहमीच्या पाहण्याहून निराळ्या रीतीने. त्याची सुरुवात मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या एका जहाजावर सापडते.

१९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन युरोपहून 'नारकुंडा' जहाजाने परतत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग आकाशाच्या प्रतिबिंबाचा नाही, पाणी स्वतः प्रकाश विखुरतं त्याचा आहे, हे त्यांनी जहाजावरच ताडून पाहिलं. 'नेचर'ला पाठवलेल्या त्यांच्या टिपणाखाली ठिकाण आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१. पुढची सात वर्षं कोलकात्यात ते आणि त्यांचे विद्यार्थी हे विखुरणंच धरून बसले. २८ फेब्रुवारी १९२८ ला, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, त्यांना कळलं की द्रवातून विखुरून येणाऱ्या प्रकाशाचा फार थोडा भाग आपला रंग किंचित बदलून येतो. रेणूवर आदळलेला बहुतेक प्रकाश आला तसाच परत जातो. साधारण कोटीत एखादाच कण रेणूच्या थरथरीला आपली थोडी ऊर्जा देऊन येतो. ही थरथर प्रत्येक रेणूची आपली आपली असते. म्हणून त्या बदललेल्या प्रकाशावरून रेणू कोण हे सांगता येतं. १९३० चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं.

मराठीत या विखुरण्याला 'विकिरण' म्हणतात. धातू 'कॄ', उधळणं, पसरणं. त्याचीच रूपं विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण. आणि 'किरण'ही त्याच धातूचा. संस्कृतात किरण म्हणजे आधी उधळलेली बारीक धूळ, मग प्रकाशाची रेघ. किरण हा सरळ जाणारा बाण आहे अशी आपली समजूत आहे, शब्द मात्र त्याला उधळलेला मानतो. ऊतींच्या बाबतीत शब्दाचं म्हणणं खरं आहे. अंगात शिरलेला किरण मिलिमीटरभर जायच्या आतच चहूकडे उधळला जातो. दूध पांढरं दिसतं त्याचंही कारण हेच, त्यातल्या मेदाच्या थेंबांवरून प्रकाशाचं विकिरण. आपण आरपार दिसत नाही ते मुख्यतः या उधळणीमुळे, आणि रामन यांनी त्याच उधळणीतून ओळख काढली.

ती ओळख कागदावर उतरते ती 'वर्णपटा'च्या रूपाने. न्यूटनने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याला 'स्पेक्ट्रम' म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आभास, छाया, डोळ्यांपुढे उभी राहिलेली आकृती. इंग्रजीतला भुताचा एक शब्द त्याचाच भाऊ. मराठीने भूत घेतलं नाही, 'पट' घेतला. पट म्हणजे वस्त्र. वर्णपट, रंगांचं वस्त्र. ऊती हे अंगातलं विणकाम आणि वर्णपट हे प्रकाशातलं. एका विणीची ओळख दुसऱ्या विणीने पटवायची, हे सगळं मराठीत म्हणताना कुठे उपमा घालावी लागत नाही, ती शब्दांत आधीपासून आहे.

आता त्या दोन पांढऱ्या दोऱ्यांकडे परत येऊ. सांधा बांधणारी दोरी मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची. निरोप नेणाऱ्या दोरीतल्या अनेक तंतूंवर मायेलिन नावाचं मेदाचं वेष्टण असतं, आणि मायेलिन हे नाव मज्जेच्या त्याच जुन्या गफलतीतून, 'मायेलोस'वरून आलेलं आहे. रामन वर्णपटात प्रथिनाच्या खुणा एका जागी, मेदाच्या दुसऱ्या. एकच जुना शब्द ज्यांच्यामध्ये फिरत राहिला, त्या दोन दोऱ्या इथे आपापलं नाव सांगतात.

हीच पद्धत मावशीच्या गालालाही लागू पडते. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत तोंडाच्या कर्करोगावर रामन वर्णपटाने बरंच काम झालं आहे. निरोगी गालाच्या वर्णपटात मेदाच्या खुणा ठळक येतात, गाठीच्या वर्णपटात प्रथिनांच्या वर येतात. पेनासारखी सळई गालाला टेकवायची, प्रकाश सोडायचा, परतलेला प्रकाश वाचायचा. मशेरी, गुटखा, तंबाखू यांनी पोखरलेल्या आपल्या भागासाठी हे संशोधन इथे व्हावं याचा मला फार आनंद आहे. निर्णायक शब्द अजूनही पॅथॉलॉजिस्टचाच, आणि रंगवलेल्या कापाचाच. पण तुकडा नेमका कुठून घ्यावा, घ्यावाच का, हे आधी प्रकाशाला विचारता येऊ लागलं तर कितीतरी गाल वाचतील.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे बहुधा चार छोट्या ग्रंथी असतात, परावटू. प्रत्येक साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, रंगाने आजूबाजूच्या चरबीसारखी. रक्तातलं कॅल्शियम त्यांच्या हातात. अवटूची शस्त्रक्रिया करताना त्या चुकून निघाल्या, तर रुग्णाच्या बोटांना मुंग्या येतात, हातपाय आखडतात. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की या ग्रंथींवर ७८५ नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश टाकला तर त्या अवरक्तात स्वतः उजळतात, भोवतालच्या ऊतींपेक्षा कितीतरी जास्त. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. या गटाच्या अनिता महादेवन-जॅन्सन यांचं भौतिकशास्त्राचं शिक्षण मुंबई विद्यापीठातलं. २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने अशा उपकरणांना परवानगी दिली.

या उजळण्याला इंग्रजीत फ्लोरेसन्स म्हणतात. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्सने फ्लोरस्पार या खनिजावरून ते नाव ठेवलं आणि खनिजाचं नाव 'वाहणं' यावरून, कारण धातू वितळवताना ते घातलं की मळी पातळ होऊन वाहते. घटनेशी त्या वाहण्याचा काही संबंध नाही. मराठी 'प्रतिदीप्ती' म्हणजे उत्तरादाखल आलेला उजेड, जसा ध्वनीला प्रतिध्वनी. प्रतिध्वनी तोच आवाज परत आणतो, प्रतिदीप्ती मात्र वेगळ्या रंगात उत्तर देते, एवढा फरक मनात ठेवला की शब्द चोख बसतो.

आणि अंगाला उजेडावरून नाव देणं आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले. उकळत्या दुधावर साय धरते तसे ते तयार होतात असं त्याचं म्हणणं. प्रत्येक थराची जाडी त्याने भाताच्या दाण्याच्या मापात दिली. सगळ्यात वरच्या थराची जाडी दाण्याचा अठरावा भाग आणि त्याचं नाव 'अवभासिनी', भास् म्हणजे प्रकाशणं. अंगाचा वर्ण जी प्रकट करते ती. त्याखाली लोहिता, श्वेता, ताम्रा: तांबडी, पांढरी, तांब्याच्या रंगाची. तिथेही थर ओळखले ते रंगावरून आणि झळाळीवरून.

डोळ्यालाही त्याने असेच थर दिले, 'पटल'. आपलं 'दृष्टिपटल' तिथून आलं. पाश्चात्त्य 'रेटिना' म्हणजे लॅटिन जाळं. ग्रीकांनी त्या थराला मासे धरायच्या जाळ्याची उपमा दिली, अरबांनी आपल्या भाषेतलं जाळं लावलं, त्याचा लॅटिन तरजुमा झाला. आपल्या दवाखान्यात लोक म्हणतात 'डोळ्याचा पडदा'. जाळं असो की पडदा, पुन्हा धागेच.

मावशीला साखर आहे. गेल्या वर्षी डोळ्यांपुढे धूसर येऊ लागलं म्हणून मी तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ओसीटी काढायला सांगितलं. हे यंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी पुढे आणलं. सोनोग्राफी जशी आवाजाच्या प्रतिध्वनीने चालते, तसं हे प्रकाशाच्या परतण्यावर चालतं. प्रकाशाचा वेग इतका की त्याची ये-जा मोजायला घड्याळ पुरत नाही, म्हणून परत आलेला प्रकाश घरात ठेवलेल्या प्रकाशाशी जुळवून पाहतात आणि कोणत्या खोलीवरून किती परतला ते काढतात. पाव मिलिमीटर जाडीचं दृष्टिपटल, त्याचे थर एकावर एक, ठाणाच्या घड्या कडेने पाहाव्यात तसे पडद्यावर उमटतात.

दारावरची पाटी वाचून मावशी थबकली. माझ्या दंडाला धरून तिने हळूच विचारलं, "इथं पण तुकडा काढतात का रे?"

आतली मुलगी बाहेर आली होती, तिनेच ऐकलं. तिने मावशीचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी पट्टीवर टेकवली, कपाळ पुढे लावलं.

"नाही हो आजी," ती म्हणाली, "नुसतं बघायचंय. तुम्ही फक्त त्या हिरव्या टिंबाकडे बघा."